बोटीवरची चिकटवही

माझी एक पुतणी दुबईला असते. मागच्या हिवाळ्यात ती नवऱ्या-मुलांसह क्रूझच्या सहलीला गेली होती. तिकडून तिनं मोबाइलवर पुष्कळ फोटो पाठवले. निळं पाणी, पोहण्याचा तलाव, जेवणाची टेबलं, सगळं नेहमीचंच. एका फोटोपाशी मात्र मी थांबलो. लांबलचक टेबलाभोवती दहा-बारा बाया आणि दोन-तीन वयस्क पुरुष बसले आहेत. समोर रंगीत कागद, कात्र्या, गोंद, रिबिनी. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, ‘चाचा, आज दिवसभर किनारा दिसणार नाही, म्हणून वही चिकटवायचा क्लास!’

मला हसू आलं आणि थोडं गलबलूनही आलं. कारण बोटीवर चिकटवलेली एक वही आमच्या घरातही होती. ती कुठल्या क्लासात झाली नव्हती आणि ती करणारा माणूस बोटीचा प्रवासी नव्हता. आज बोलायचं आहे ते या दोन वह्यांबद्दल.

बोटीवरचा प्रवासी आणि हातातलं काम यांचं नातं जुनं आहे. समुद्रावर वेळ फार असतो. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला, त्यानंतरही मुंबईहून विलायतेला पोचायला दोन-तीन आठवडे लागत. आभाळ तेच, पाणी तेच. मग बायका विणकाम-भरतकाम काढत. मुलं रंगीत कागदाच्या टोप्या करून वेषांतराच्या स्पर्धेत मिरवत. जेवणाच्या वेळी छापील मेनूकार्डं मिळत, प्रवाशांच्या नावांची छापील यादी मिळे, सामानाला लावायच्या चिठ्ठ्या मिळत. शौकीन लोक हे सगळं जपून ठेवत आणि वहीत चिकटवत. शेवटच्या रात्रीच्या मेनूवर टेबलाच्या सोबत्यांच्या सह्या घ्यायची तर रीतच होती.

आपल्या ओळखीचंही एक उदाहरण आहे. २९ ऑगस्ट १९३१ रोजी महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनं निघाले. वाटेत ते डेकवर बसून सूत कातत. त्यांचा चरखा वेळ घालवण्यासाठी नव्हता हे खरं, पण आगबोटीच्या डेकवर हातानं काम करत बसलेला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी तोच म्हणावा लागेल.

चिकटवहीला जगभर नेणारा माणूसही बोटींच्या प्रवासातलाच निघाला, हा मला गमतीचा योगायोग वाटतो. तो म्हणजे अमेरिकन लेखक मार्क ट्वेन. १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ नावाच्या आगबोटीतून तो युरोप आणि पॅलेस्टाइनच्या सहलीवर गेला. आजच्या क्रूझची ती आजीच. त्या बोटीवर पहिले काही दिवस प्रवासी रोज रात्री दिवाणखान्यात जमून मोठ्या उत्साहानं रोजनिशी लिहीत, आणि थोड्याच दिवसांत एकेकाचा उत्साह कसा ओसरला, याची त्यानं भरपूर टिंगल केली आहे. स्वतः ट्वेन मात्र कात्रणं चिकटवणारा पक्का माणूस. गोंदाच्या बाटलीचा त्याला कंटाळा. म्हणून त्यानं १८७३ साली एका नव्या चिकटवहीचं पेटंट घेतलं. तिच्या पानांवर आधीच गोंदाचे पट्टे असत. ओलं बोट फिरवायचं आणि कागद दाबायचा, की काम झालं.

पुढं शंभर वर्षांनी या छंदाला पुन्हा भरती आली तीही अमेरिकेतच. युटा राज्यातल्या मॉर्मन पंथाच्या लोकांत वंशावळ जपणं हे धर्मकार्य मानतात. तिथल्या एका कुटुंबानं आपल्या सजवलेल्या वह्या १९८० मध्ये एका परिषदेत मांडल्या आणि बघता बघता त्याचा मोठा व्यापार झाला. खास कागद, खास कात्र्या, खास गोंद. मग या छंदवाल्यांसाठी क्रूझच्या सहलीही निघू लागल्या. म्हणजे फिरून फिरून वही पुन्हा बोटीवर आली.

हा झाला वरच्या मजल्यांवरचा इतिहास. आता जरा खाली उतरू.

मी मूळ पोलादपूरकडचा, उभी हयात महाडात गेली. मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्यांना ही गावं घाटाच्या पायथ्याची वाटतात. पण महाड हे एके काळचं बंदर. सावित्रीची खाडी बाणकोटपासून आत शिरते ती दासगावपर्यंत बोटी आणायची. २५ डिसेंबर १९२७ रोजी सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला आले तेही मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं, दासगावला उतरून. याच धक्क्यावरून आमच्याकडची तरुण पोरं मुंबईला जात आणि तिथून जगाच्या बोटींवर चढत.

त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी बोटींवर कामाची वाटणी ठरलेली होती. डेकवर खलाशी म्हणून कोकणच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे मुसलमान. खाली इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण. जेवणखाण आणि केबिनींची व्यवस्था गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. डेकवरच्या खलाशांवर टंडेल, टंडेलावर सारंग. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी बोटींवर असे सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा तिसरा ते पाचवा हिस्सा त्यांच्या हातात पडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झोपायच्या जागेचं मापही वेगळं होतं. गोऱ्याला ७२ घनफूट, लास्करला ३६. लाकडी पेटी ठेवली की जागा संपली.

एवढ्याशा जागेतही खलाशाचे हात रिकामे नसत. हे जगभरच्या खलाशांचं आहे. इंग्रज नौदलातले खलाशी लोकरीनं आपल्या जहाजाची चित्रं भरत. देवमाशाच्या शिकारी बोटींवरचे लोक त्याच्या दातांवर नक्षी कोरत. दोराच्या गाठींतून झालर विणायची जी कला आपल्या मुली ‘मॅक्रमे’ म्हणून शिकतात, ती दूरदूरच्या बंदरांत पोचवली ती खलाशांनी. तो शब्दही मूळचा अरबी मानतात. आपली सुकाणू आणि खलाशी ही नावंही अरबीकडूनच आलेली. भाषाही बोटीनं प्रवास करते.

आणखी एक गोष्ट. शाळेत आपण रिंग टेनिस खेळलो, तो खेळ बोटीच्या डेकवरचा. चेंडू समुद्रात जाई म्हणून दोराचं कडं फेकायचं. प्रवासी लोक अशी कडी फेकून तासन्‌तास खेळत. ती कडी दोराचे तुकडे गुंफून वळायची खलाशांनी. म्हणजे वरच्यांची करमणूक आणि खालच्यांची कारागिरी एकाच दोरानं बांधलेली होती.

आमचे मोठे मामू अशी कडी वळण्यात वाकबगार. ते साधारण १९५० च्या सुमारास बोटीवर लागले आणि पंचवीसेक वर्षं डेकवर राहिले. सुट्टीवर आले की ओटीवर बसून आम्हा पोरांना गाठी शिकवत. सुरगाठ आणि निरगाठ आम्हाला ठाऊक होत्या. मामूंना पन्नास तरी येत असतील. दाराशी अंथरायला त्यांनी दोराचं जाड पायपुसणं विणलं होतं, ते आमच्या लहानपणी झिजता झिजत नव्हतं.

पण त्यांचा खरा ठेवा म्हणजे ती वही. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची हिशेबाची वही होती. तिच्यात मेनूकार्डं, चित्रांची पोस्टकार्डं, सामानाच्या चिठ्ठ्या, सिगारेटच्या पाकिटांवरची चित्रं. मामूंचा एक गोव्याचा दोस्त त्याच बोटीवर केबिनी आवरायचा. सफर संपली, साहेबलोक उतरले, की केबिनींत जे कागद पडलेले असत त्यांतले चांगले तो मामूंसाठी बाजूला काढी. गोंद कुठला आणणार? आपल्या ताटातल्या भाताची शितं बोटानं चिरडायची आणि त्यावर कागद बसवायचा. वरच्या मजल्यावरचं टाकलेलं आमच्या मामूंनी खालच्या मजल्यावर जपलं.

मामूंना लिहिता येत नव्हतं. माझी आई त्यांची धाकटी बहीण, मराठी चौथीपर्यंत शिकलेली. मामू सुट्टीवर आले की दुपारी दोघं वही उघडून बसत. मामू पानावर बोट ठेवत आणि म्हणत, “लिव गो बाय.” आई शिसपेन्सिलनं लिही. दौत-टाक घरात नव्हती, माझ्या दप्तरातली पेन्सिल होती. एका नाताळच्या मेनूखाली आईनं लिहिलं होतं, ‘एडनच्या पुढे. भाईची रात्रपाळी.’ वर छापलेलं सात पदार्थांचं जेवण, खाली ही ओळ.

एका पानावर दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी होत्या. एकीवर छापलेलं, ‘वाँटेड ऑन व्हॉयेज’. दुसरीवर, ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’. प्रवासात लागणारं सामान केबिनीजवळ ठेवायचं, न लागणारं तळाशी टाकायचं, यासाठी त्या असत. गोव्याच्या दोस्तानं मामूंना त्यांचा अर्थ सांगितला होता. मामू हसत म्हणायचे, “आम्ही दुसऱ्या चिठ्ठीतले. पण आमच्यावाचून बोट चालवून दाखवा.”

आणि एक फोटो होता. डेकवर सात खलाशी ओळीनं उभे, मामू डावीकडून तिसरे. कुणा मडमेनं काढलेला, पुढच्या सफरीत आठवणीनं आणून दिलेला. तिचे उपकारच म्हणायचे. आईनं त्याखाली सातही नावं लिहिली होती आणि नावापुढं गाव. वहूर, टोळ, दासगाव, बाणकोट, म्हसळा, श्रीवर्धन, पोलादपूर.

पुढं मी थोडंफार वाचू लागलो तेव्हा या फोटोची किंमत कळली. लंडनजवळ ग्रिनिचला मोठं सागरी संग्रहालय आहे. तिथं बोटींच्या कंपन्यांचे कागद, मेनू, फोटो जपून ठेवले आहेत. त्या काळच्या प्रवाशांच्या फोटोंत आपली माणसं पुष्कळदा दिसतात. खाली शब्द असतो, ‘लास्कर’. नाव नाही, गाव नाही.

खुद्द मार्क ट्वेनची गोष्ट घ्या. १८९५ च्या डिसेंबरात तो सिडनीहून लंकेकडे ‘ओशियाना’ बोटीनं निघाला. तिच्यावर त्यानं पहिल्यांदा लास्कर खलाशी पाहिले. पुढं १८९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं त्यांचे पांढरे कपडे, अनवाणी पाय, कमरेची लाल शाल, काळीभोर रेशमी दाढी, सगळं टिपलं आहे. सौम्य चेहऱ्याची, सांगितलं ते ऐकणारी, कामाला हुशार माणसं, असंही म्हटलं आहे. ती मुंबईची आणि तिच्या आसपासच्या किनाऱ्याची, हेही नोंदवलं आहे. म्हणजे आमचीच. पण संकट आलं की ही माणसं पार गांगरून जातात म्हणे, अशी एक ऐकीव गोष्टही त्यानं जोडून दिली. त्यांच्यातल्या एकाचंही नाव विचारलं नाही. जगाला चिकटवही देणाऱ्या माणसाच्या वहीत आमच्या लोकांचं चित्र आहे आणि चित्राखालची जागा कोरी आहे.

त्या ऐकीव गोष्टीला उत्तर मुंबईतच आहे. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं दोन सारख्या नोंदवह्यांत लिहिली आहेत. एक इथं, दुसरी बांगलादेशात चितगावला. त्यात साडेसहा हजारांच्या घरात नावं आहेत. टॉर्पेडो लागलेल्या बोटींवर ही माणसं कामावर होती. मला त्या नोंदवहीचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी की तिच्यात नावं आहेत. फक्त ती मेल्यानंतर लिहिली गेली.

आमच्या घरातलं कुणी बोटीवर प्रवासी म्हणून गेलं असं एकच पान त्या वहीत होतं. नानी हजला गेली त्याचं. मोगल लाइनच्या ‘अकबर’ जहाजातून मुंबईहून जेद्दाहला आठवडाभर लागे. नानीला सुरुवातीला बोट लागली, मग ती सावरली आणि डेकवरच्या बायांत बसून तिनं क्रोशानं टोप्या विणल्या, घरातल्या प्रत्येक मुलासाठी एक. आईनं तिच्या तिकिटाचा तुकडा वहीत चिकटवला आणि शेजारी लिहिलं, ‘आमची आई. डेकवर बसून नऊ टोप्या.’ समुद्रावाटे होणारी हजयात्रा १९९५ साली बंद झाली. विलायतेच्या प्रवासी बोटी त्याच्याही आधी गेल्या. १९६० मध्ये एअर इंडियाची जेट विमानं आली, १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद राहिला, आणि बोट ही प्रवासाची गरज न राहता सुट्टीची चैन झाली. मामू नव्वदच्या दशकात गेले. आई त्यांच्यानंतर दहा वर्षांनी. वही माझ्याकडे आली. मी ती लोखंडी ट्रंकेत घालून पलंगाखाली सरकवली आणि उद्या बघू म्हणून विसरलो. कवी माणूस, दुसऱ्यांच्या कविता जपून ठेवल्या, हिच्याकडे लक्ष दिलं नाही.

२१ जुलै २०२१ ची रात्र महाडकर विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारी दोन्ही एकदम चढल्या. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला भिडलं. २२ तारखेला तळीये गावावर दरड आली आणि वाडीच्या वाडी माणसांसह गेली. पोलादपूरकडेही दरडींनी माणसं नेली. अशा वेळी कुणा एका वहीचं दुःख सांगायची लाज वाटते. पाणी ओसरल्यावर घराघरात वितीएवढा चिखल होता आणि दोऱ्या बांधून त्यांवर कागद वाळत घातले होते. सात-बाराचे उतारे, रेशनकार्डं, शाळेचे दाखले, लग्नाचे अल्बम. त्या दोऱ्या बघताना मला कळलं की प्रत्येक घराची एक चिकटवही असते, फक्त ती बांधलेली नसते.

आमची ट्रंक तिसऱ्या दिवशी उघडली. शितांनी चिकटवलेलं पाण्यात सुटणारच. काही पानं आधीच कसरीनं खाल्ली होती. पोस्टकार्डांचा लगदा झाला होता. मेनूंवरच्या साहेबांच्या सह्या शाईच्या होत्या, त्या पसरून निळे ढग झाले होते. एकेक पान वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून, पंख्याखाली ठेवून वाळवलं. पंधरा दिवस तेच काम.

पानं वाळली तेव्हा एक गोष्ट दिसली. वर चिकटवलेलं बहुतेक गेलं होतं, पण आईची अक्षरं होती. शिसपेन्सिलीची खूण पाण्यानं विरघळत नाही. शाई वाहून गेली, शिसं राहिलं. ‘एडनच्या पुढे. भाईची रात्रपाळी.’ हे राहिलं, वरचं सात पदार्थांचं जेवण गेलं. फोटोतले चेहरे पांढरे पडले होते, खालच्या सातांपैकी सहा नावं वाचता आली. सातव्याचं फक्त गाव उरलं, म्हसळा. तो कोण होता हे आता सांगणारं कुणी नाही.

आमच्या पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांचा इतिहास त्यांनी काव्यात लिहून ठेवला. राजांना कवी मिळतात. खलाशाच्या नशिबी चौथी शिकलेली बहीण आणि मुलाच्या दप्तरातली पेन्सिल असते, तीही मिळाली तर. दासगावच्या खाडीत आता गाळ साचला आहे, तिथून कुणी बोटीला जात नाही. पण आमच्या भागातली मुलं अजूनही बोटींवर जातात. मोठ्या क्रूझ जहाजांवर भांडी घासणारी, खोल्या आवरणारी, डेक पुसणारी माणसं आपल्याच देशातली पुष्कळ सापडतील. त्यांच्या खिशात मोबाइल आहे, त्यात हजारो फोटो आहेत. त्या फोटोंखाली कोण लिहितं?

म्हणून मी पुतणीला त्या दिवशी वाळलेल्या पानाचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. “चाचा, माझ्या वहीत चिकटवू का हे?” मी म्हटलं, जरूर चिकटव. आणि तुमची खोली रोज कोण आवरतं, त्या मुलाचं नाव आणि गाव विचारून घे. तेही लिही. आणि शक्यतो पेन्सिलनं लिही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)